राज्य कोणावर?

जून महिना. शाळा उघडून चारच दिवस झाले आहेत. मधल्या सुट्टीची घंटा होते आणि मुले मैदानाकडे धाव घेतात. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीवर सात मुले गोल करून उभी राहतात. खेळ लपंडावाचा आहे. पण तो सुरू होण्यापूर्वी एक प्रश्न सुटावयास हवा. राज्य कोणावर? ते तर कोणालाच नको असते. म्हणून त्यांतील एक मुलगी पुढे होते आणि प्रत्येकाच्या छातीला बोट लावीत एक गाणे म्हणू लागते. त्या गाण्यातील निम्म्या शब्दांना अर्थ नाही; ज्यांना आहे त्यांचा लपंडावाशी काडीइतका संबंध नाही. तरीही साऱ्यांचे डोळे त्या बोटावर खिळलेले असतात. गाण्याचा शेवटचा ठोका ज्याच्यावर पडेल तो सुटला. असे एकेक करीत सहाजण सुटतात आणि जो उरतो त्याच्यावर राज्य येते.

आज मात्र गाणे पहिल्यांदा संपते न संपते तोच एक आवाज येतो, "चुकलं! शेवटी अजून एक शब्द असतो." बोलणारा मुलगा शाळेत नवा आहे. वडिलांची बदली झाल्यामुळे तो याच वर्षी या गावी आला आहे. बाकीचे सहाजण एकदम त्याच्यावर तुटून पडतात. "रडीचा डाव नको! इथं असंच म्हणतात."

एका अर्थहीन शब्दासाठी एवढा कडाक्याचा वाद व्हावा, याचे दुरून पाहणाऱ्या मोठ्या माणसाला हसू येईल. परंतु तो वाद पोरकट नाही. खेळगाणी शेकडो वर्षे कशी टिकून राहतात, याचे रहस्यच त्या वादात दडलेले आहे.

प्रथम असा प्रश्न विचारला पाहिजे की, हे गाणे त्या मुलीला शिकविले कोणी? ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात धडा म्हणून आलेले नाही. गुरुजींनी ते फळ्यावर लिहून दिलेले नाही. आईनेही ते शिकविलेले नसते. कारण आईच्या मांडीवर शिकलेली गाणी निराळी. मूल रांगू लागण्यापूर्वीपासून आई आणि आजी त्याला न्हाऊमाखू घालताना, घास भरविताना, टाळ्या वाजवायला शिकविताना जी बडबडगीते म्हणतात, ती मोठ्यांकडून लहानांकडे येतात. त्यांचा ओघ उतारावरील पाण्यासारखा वरून खाली असतो. मैदानावरील गाणी मात्र मुलांकडूनच मुलांकडे जातात. नऊ वर्षांच्या मुलीने ती दहा वर्षांच्या मुलीकडून उचललेली असतात आणि सात वर्षांचा मुलगा ती नऊ वर्षांच्या मुलीकडून उचलतो. या शाळेला छप्पर नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. तरीही तिच्यात शिकलेले सहसा कोणी विसरत नाही.

या शाळेचा बिगारीचा वर्गही मोठा गमतीचा आहे. खेळावयास निघालेल्या मोठ्या भावंडाच्या मागे एखादे धाकटे भावंड रडत येते. त्याला परत पाठवावे तर आई रागावते. खेळात घ्यावे तर त्याला धावता येत नाही. तेव्हा मुले त्याला 'कच्चे लिंबू' ठरवितात. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही. तो धरला गेला तरी बाद होत नाही. तो सर्वांबरोबर धावतो, सर्वांबरोबर लपतो आणि मुख्य म्हणजे गोलात उभा राहून सारी गाणी ऐकतो. चुकण्याची भीती नाही आणि पाहण्याऐकण्याला बंदी नाही, अशा स्थितीत तो वर्ष-दोन वर्षे काढतो. एके दिवशी कोणीतरी म्हणते, "आता हा काही कच्चं लिंबू नाही." त्या दिवसापर्यंत खेळाचे नियम आणि गाण्यांचे शब्द त्याला तोंडपाठ झालेले असतात. शिकविण्याची इतकी सोयीची रीत शिक्षणशास्त्रज्ञांनाही सहज सुचली नसती.

ही परंपरा किती भराभर हात बदलते, हेही पाहण्याजोगे आहे. घरातील परंपरेची एक पिढी साधारणपणे पंचवीस वर्षांची असते. आजीची गोष्ट नातीपर्यंत पोचण्यास दोन पिढ्या पुरतात. मैदानावरील मूल मात्र सुमारे सहाव्या वर्षी खेळात येते आणि बाराव्या-तेराव्या वर्षी त्यातून बाहेर पडते. म्हणजे मैदानावरील एक पिढी अवघी सहा वर्षांची होय. घरात 100 वर्षांत 4 पिढ्या होतात, तर मैदानावर 16 होऊन जातात. इतक्या वेळा हात बदलणाऱ्या वस्तूची मोडतोड व्हावयाची, असे कोणालाही वाटेल. एका कानातून दुसऱ्या कानात सांगितलेला निरोप दहाव्या मुलापर्यंत ओळखू येऊ नये इतका बदलतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. मग मोजणीचे गाणे 16 पिढ्यांनंतरही ओळखीचे कसे राहते?

त्याचे उत्तर गणितात आहे. आरंभीच्या मुलीचे गाणे 16 ठोक्यांचे होते, असे धरू. गोलात सात मुले आहेत. पहिल्यापासून मोजीत गेले की 14 ठोक्यांत दोन फेऱ्या पुऱ्या होतात आणि सोळावा ठोका दुसऱ्या मुलावर पडतो, तो सुटतो. आता शेवटी एक शब्द वाढला, तर सतरावा ठोका तिसऱ्या मुलावर पडेल. दुसरा अडकेल आणि तिसरा सुटेल. नवा मुलगा नेमका तिसऱ्या जागी उभा होता! त्याचे म्हणणे कदाचित पूर्ण प्रामाणिक असेल; त्याच्या गावी तसेच म्हणत असतील. परंतु बाकीच्यांना त्यात लबाडीचा वास आला, यात नवल नाही.

यावरून ध्यानात येईल की, मोजणीचे गाणे हा खेळातील कायदा आहे. कायद्याचा शब्द ज्याला त्याला हवा तसा बदलता आला, तर न्याय उरणार नाही. म्हणून गोलातील प्रत्येक मूल हे त्या गाण्याचा राखणदार असते. म्हणणारीने एखादा शब्द गाळला तर सहा तोंडे एकदम "चुकलं!" म्हणून ओरडतात. ग्रंथाची नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या हातून झालेली चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. गोलातील चूक त्याच क्षणी पकडली जाते. शब्द निरर्थक असणे हीसुद्धा येथे सोयच आहे. अर्थ असलेल्या वाक्यात एका शब्दाऐवजी त्याच अर्थाचा दुसरा शब्द सहज शिरतो. ज्याला अर्थच नाही, त्याच्या जागी बसविणार काय? तो जसा ऐकला तसाच म्हणावा लागतो.

इतर खेळांतही शब्दांकडे अशीच कामगिरी सोपविलेली असते. हुतूतूचा गडी शत्रूच्या अंगणात शिरताना अखंड शब्दोच्चार करतो, तो शोभेसाठी नव्हे. आवाज चालू आहे तोवर दम टिकून आहे, आवाज तुटला की दम तुटला. पंचाला दुसरा पुरावा लागत नाही. झिम्म्यात गाण्याचा ताल आणि टाळी यांची फारकत झाली की खेळ मोडतो. फुगडीचा वेग गाण्याबरोबर वाढतो आणि गाण्याबरोबर उतरतो. खेळ गाण्याला जिवंत ठेवतो आणि गाणे खेळाला सांभाळते, असे हे परस्परांचे ऋण आहे.

या राखणीचे एक फार मोठे उदाहरण विटीदांडूच्या खेळात सापडते. विटी लांब टोलविल्यावर दांडूने अंतर मोजताना महाराष्ट्रातील मुले साधे एक, दोन, तीन म्हणत नसत. ती 'वकट, लेंड, मूंड, नाल' अशा नावांनी मोजीत आणि पुष्कळ ठिकाणी त्या नावांप्रमाणे पाऊल, मूठ, डोळा अशा निरनिराळ्या जागी विटी ठेवून पुढचा टोला मारीत. गावोगाव या शब्दांचे उच्चार थोडे थोडे निराळे होते. कोणी 'लेंड' म्हणे, कोणी 'रेंड'. हे शब्द मराठी नाहीत आणि संस्कृतातूनही आलेले नाहीत. मग ते कोठले? महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे तेलुगू भाषेत एकाला 'ओकटि', दोनाला 'रेंडु', तिनाला 'मूडु' आणि चाराला 'नालुगु' म्हणतात. शेजारी शेजारी ठेवताच साम्य डोळ्यांत भरते. मराठी मुले खेळताना तेलुगू आकडे मोजीत होती आणि आपण दुसऱ्या भाषेत बोलत आहोत याची त्यांना गंधवार्ताही नव्हती! 'नाल'च्या पुढे बऱ्याच ठिकाणी 'आर' येतो. तेलुगूत 'आरु' म्हणजे सहा. पाचाचा 'ऐदु' वाटेत कोठे तरी गळाला आणि सहाचा आकडा पाचव्या जागी येऊन बसला. पण पहिल्या चार आकड्यांची रांग काही हलली नाही. दोन भाषांच्या शेजाराचा हा पुरावा पोथ्यांपेक्षा मुलांच्या तोंडी अधिक नीट राहिला.

असाच प्रकार इंग्लंडच्या उत्तर भागात आढळतो. तेथील मेंढपाळ मेंढ्या मोजण्यासाठी जे जुने आकडे वापरीत, त्यांत पाचाला 'पिंप' म्हणत. पाचासाठी वेल्श भाषेतील शब्दाचा उच्चार अगदी असाच होतो. हे आकडे मुलांच्या मोजणीतही शिरले. ते अतिप्राचीन काळापासून तेथेच टिकून राहिले की पुढे केव्हा तरी वेल्स वा स्कॉटलंडकडून तेथे आले, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कसेही असले तरी, घरात आणि बाजारात जे शब्द मावळले, त्यांना कुरणावर आणि खेळात आसरा मिळाला, हे खरे.

इंग्लंडमधील मुलांच्या या विद्येचा मोठ्या चिकाटीने शोध घेणारे दांपत्य म्हणजे आयोना आणि पीटर ओपी. 1951 साली त्यांनी इंग्रजी बालगीतांचा कोश प्रसिद्ध केला. परंतु तो कोश मुख्यतः घरातील गाण्यांचा होता. मुले आपसांत काय म्हणतात, हे जाणून घेण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या भागांतील सुमारे 70 शाळांतील 5,000 मुलांकडून माहिती मिळविली आणि 1959 साली तिचा ग्रंथ केला. मोठ्यांना विचारण्याऐवजी त्यांनी मुलांनाच विचारले, हे त्या कामाचे वैशिष्ट्य होय. मुलांची गाणी किती वेगाने फिरतात, याचे एक नमुनेदार उदाहरण त्यांनी नोंदविले आहे. 1936 सालच्या डिसेंबर महिन्यात राजा आठवा एडवर्ड याने सिंहासनाचा त्याग केला. त्या प्रकरणावर नाताळच्या एका भजनाच्या चालीत मुलांनी एक विडंबन रचले. असले विडंबन कोणते वर्तमानपत्र छापणार, आणि नभोवाणी तरी ते कशी ऐकविणार? तरीही काही आठवड्यांतच ते दक्षिणेस चिचेस्टर, उत्तरेस लिव्हरपूल आणि पश्चिमेस स्वान्सी येथील मुलांच्या तोंडी झाले. सुट्टीत मामाकडे गेलेला एखादा भाचा, बदली होऊन आलेला एखादा विद्यार्थी, एवढीच त्यांची टपालव्यवस्था असते.

सारीच गाणी मोजणीच्या गाण्यांइतकी कडक नसतात. ज्या गाण्यांवर कोणाची हारजीत अवलंबून नाही, ती अधिक सैल असतात आणि स्थळकाळाप्रमाणे नवा पेहराव करतात. आश्विनात हस्त नक्षत्राच्या सुमारास पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. कोल्हापूरकडे त्याला हादगा म्हणतात, पुण्याकडे भोंडला. विदर्भ-खानदेशात याच दिवसांच्या आगेमागे भुलाबाईची गाणी म्हणतात. गावागणिक त्या गाण्यांत एखादे कडवे वाढते, एखादे गळते. परंतु त्यांच्या पोटातही जुना काळ बसलेला आहे. शाळेतल्या मुली ज्या गाण्यांवर फेर धरतात, त्यांत सासरचा जाच आणि माहेरची ओढ आहे. हे मुलींच्या तोंडी कसे आले? 1929 साली संमत झालेल्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय 14 ठरविले. त्यापूर्वीच्या काळात फेर धरणाऱ्या मुलींपैकी कित्येकजणी खरोखरच सासुरवाशिणी असत. खिरापतीच्या आनंदात म्हटलेले ते शब्द त्यांचे स्वतःचे दुःख होते.

पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावणारे गाणे आजही लहान मुले आनंदाने म्हणतात. आपल्या देशात 25 पैसे आणि त्याखालील नाणी 2011 सालच्या जून महिन्याअखेर चलनातून गेली. ज्याने आयुष्यात एक पैसा हाती धरला नाही, असे मूल पावसाला पैसा देऊ करते. दुसऱ्या बाजूने, नवे शब्द सामावून घेण्यातही मुले मागे नाहीत. धावता धावता पायात काटा मोडला, तर 'टाइम प्लीज' म्हणताच धरणारा थांबतो. इंग्रजी व्याकरण येण्यापूर्वीच मराठी मुलांनी हा शब्द उचलला आणि त्याला कायद्याचे बळ दिले.

तेव्हा प्रश्न असा की, इतकी चिवट परंपरा कधी तुटू शकेल काय? मुले आता पूर्वीसारखी खेळत नाहीत, ही तक्रार नवी नाही. नभोवाणी आली तेव्हा ती होती, चित्रपट आले तेव्हा होती, दूरदर्शन आले तेव्हाही होती. ओपी दांपत्याने आपल्या 1959 च्या ग्रंथात दाखवून दिले की, मोठ्यांना जे संपले असे वाटते ते पुष्कळदा त्यांच्या कानांआड सुखरूप चालू असते. म्हणून नव्या साधनांना नुसते दोष देऊन भागणार नाही. गाणे शत्रूमुळे मरत नाही. त्याला जागा मिळाली नाही म्हणजे मरते. त्याला लागते ते थोडेच: पाच-सात मुले, लहानमोठ्या वयांची सरमिसळ, एक मोकळी जागा आणि मोठ्यांचे लक्ष नसलेला थोडा वेळ. यांतील एक गोष्ट गेली की साखळीची कडी निसटते.

ही साखळी किती नाजूक आहे, याचा प्रत्यय 2020 साली आला. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षीच्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. लहान वर्गांची मुले बहुतेक ठिकाणी 2021 साल संपत येईपर्यंत शाळेत परतू शकली नाहीत. अभ्यास भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून पोचला, पुस्तकेही घरी मिळाली. परंतु गोल करून उभे राहणे पडद्यावरून होत नाही. ज्यांची पिढीच सहा वर्षांची, त्यांच्या दृष्टीने हा काळ लहान नव्हे. कच्ची लिंबे गोलात न शिरताच मोठी झाली आणि ज्यांना गाणी येत होती, ती मोठी मुले दरम्यान खेळाचे वय ओलांडून गेली. बुडालेला पाठ शिक्षक पुन्हा शिकवू शकतात. हा बुडालेला पाठ शिकविणारे शिक्षक बारा वर्षांचे असतात आणि तेही फार दिवस त्या पदावर राहत नाहीत.

लोकगीते ग्रंथांत जपून ठेवण्याचे थोर कार्य महाराष्ट्रात झाले आहे. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने लोकगीतांचे कितीतरी संग्रह संपादित केले. त्यांच्यावाचून पुष्कळसे धन काळाच्या उदरात गेले असते. तरीही ग्रंथात राहतात ते शब्द. बोट कोठून मोजावयाचे, श्वास कोठे घ्यावयाचा, कोणत्या ठोक्यावर सारेजण ओरडावयाचे, हे तेथे कळत नाही. ते गोलात उभे राहूनच कळते. जे मूल आज दुसरी-तिसरीतल्या मुलाला आपल्या खेळात घेते, ते नकळत हे कार्य पार पाडीत असते. जे त्याला "तू लहान आहेस, जा" म्हणून घालवून देते, ते नकळत एक दार लावून घेते.

सात मुलांच्या त्या वादाचे पुढे काय झाले? घंटा होण्यास दहाच मिनिटे उरली होती. वाद लांबला तर खेळच व्हावयाचा नाही, हे सर्वांना कळत होते. अखेर गाणे म्हणणाऱ्या मुलीनेच तोड काढली. "आजचा डाव आमच्या गाण्यानं. उद्याचा तुझ्या." नव्या मुलाने मान डोलावली. राज्य त्याच्यावरच आले आणि त्याने मुकाट्याने डोळे मिटून अंक म्हणावयास सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे त्याचे गाणे झाले. शेवटी एक ठोका अधिक पडला. पण आता तो सर्वांना आधी ठाऊक होता, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

त्या दोन्ही दिवशी गोलात आणखी एकजण उभी होती. तिची मोजणी होत नव्हती. त्या मुलीची ती धाकटी बहीण, पाच वर्षांची, कच्चे लिंबू. संध्याकाळी घराच्या ओट्यावर तिने आपल्या बाहुल्या गोल मांडल्या आणि एकेकीला बोट लावीत ती गाणे म्हणू लागली. शेवटास येताच ती क्षणभर थांबली आणि मग तिने तो पाहुणा शब्दही म्हणून टाकला.

स्वाध्याय

1. आईच्या मांडीवरील गाणी आणि मैदानावरील गाणी यांत लेखकाने कोणता फरक दाखविला आहे?
2. मोजणीच्या गाण्यातील शब्द सहसा का बदलत नाहीत? पाठातील गणित आपल्या शब्दांत समजावून सांगा. गोलात सहा मुले असती, तर सोळावा ठोका कोणावर पडला असता?
3. विटीदांडूतील मोजणीच्या शब्दांवरून कोणती गोष्ट सिद्ध होते?
4. 'गाणे शत्रूमुळे मरत नाही. त्याला जागा मिळाली नाही म्हणजे मरते.' या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
5. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा: रडीचा डाव, गंधवार्ता नसणे, तुटून पडणे, तोड काढणे.
6. तुमच्या मैदानावर म्हटले जाणारे एक गाणे जसेच्या तसे लिहून काढा. ते तुम्हांला कोणी शिकविले व तुम्ही कोणाला शिकविले, तेही लिहा. दुसऱ्या गावाहून आलेल्या वर्गमित्राच्या गाण्याशी ते ताडून पाहा.